तुमच्या बाबांचं वरण कोणी बंद केलं?

किडनी आणि जेवण : वाचकांचे प्रश्न

पावसाळा सरता सरता माझ्याकडे येणाऱ्या पत्रांची जात बदलते. घरात म्हातारं माणूस डायलिसिसवर, त्यात व्हायरल ताप येऊन गेलेला, ताप उतरला तरी माणूस काही उभं राहत नाही. यंदाही तेच. नागपुरातल्या एका डायलिसिस युनिटमध्ये मी रुग्णांचा आहार बघते, त्यामुळे पत्रातलं अर्धं न लिहिलेलंही कळतं. पाच पत्रं घेतली आहेत. नावं गाळली आहेत, मोहल्ले राहू दिले आहेत.

माझे सासरे ७१ वर्षांचे. शुगर जुनी, डायलिसिस आठवड्यातून तीनदा. मागच्या महिन्यात फ्लू झाला आणि भरती करावं लागलं. आता घरी आहेत, पण दोन घासांच्या वर काही खाऊन नाही राहिले. फ्रिजवर एक चार्ट चिकटवला आहे, किडनी खराब झाल्याचं पहिल्यांदा कळलं तेव्हाचा. त्यात डाळ, पनीर, अंडी, दही या सगळ्यांवर फुली आहे. डॉक्टर म्हणाले रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन २.८ आहे, प्रोटीन वाढवा. शेजारच्या काकू रोज गुळवेलीचा काढा आणून देतात. नणंद म्हणते, अल्ब्युमिनची बाटलीच लावून घ्या. बाबांची प्रतिकारशक्ती वाढवायला मी नेमकं काय करू? — एक सून, मानेवाडा

ताई, सगळ्यात आधी तो चार्ट काढा. तो चुकीचा नव्हता, पण त्याचा काळ संपला. किडनी थोडीफार काम करत असते तेव्हा तिच्यावरचा भार कमी करायला प्रोटीन कमी ठेवतात. डायलिसिस लागलं की हिशोब उलटतो. मशीन युरिया काढतं तसं रक्तातली अमिनो आम्लंही काढून नेतं, एका बैठकीत साधारण ६ ते १२ ग्रॅम. म्हणून डायलिसिसवरच्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन लागतं. आजारपणात तर त्यातल्या वरच्या आकड्याच्या खाली राहून भागत नाही. हा बदल घरच्यांना कोणी बसवून सांगत नाही. फाइल जाड होत जाते आणि फ्रिजवरचा कागद तोच राहतो.

बाबांचं वजन तुम्ही लिहिलं नाही, ५४ किलो धरू. म्हणजे रोज ६५ ग्रॅम प्रोटीन आणि साधारण १,६०० कॅलरी. आकडा वाचून सोपं वाटतं. आता ताटात मांडून बघा. तीन अंड्यांचं पांढरं म्हणजे ११ ग्रॅम. दोन वेळचं घट्ट वरण, वेळेला ३० ग्रॅम कोरडी तूरडाळ, मिळून १३. पन्नास ग्रॅम पनीर ९. एक वाटी दही ३. चार पातळ पोळ्या ११. भात ५. चहा धरून दिवसभराचं दूध ३. बेरीज ५५ होते. दहा ग्रॅम अजून कमीच, आणि हे सगळं धडधाकट भुकेचं ताट आहे. दोन घास खाणाऱ्या माणसाचं २० ग्रॅमही होत नसणार. मग शरीर स्वतःचा स्नायू मोडून खातं. मांड्या बारीक होतात, खुर्चीवरून उठताना हात टेकावे लागतात, घड्याळ मनगटावर फिरायला लागतं.

प्रतिकारशक्तीचं उत्तर इथेच आहे. वय झालं की नवीन जंतू ओळखणाऱ्या पेशी तशाच कमी तयार होतात. त्यात किडनी बंद असल्यावर रक्तात साठणाऱ्या विषारी द्रव्यांनी ज्या पांढऱ्या पेशी आहेत त्याही मंदावतात. ही दोन्ही कारणं तुमच्या हातात नाहीत. तिसरं, म्हणजे उपासमार, हातात आहे. अँटिबॉडी प्रोटीनचीच बनते, आणि ते काढ्यातून मिळत नाही.

अल्ब्युमिन २.८ पाहून घाबरून जाऊ नका, मात्र त्याचा अर्थ नीट लावा. अंगात संसर्ग आणि सूज असली की यकृत अल्ब्युमिन बनवणं स्वतःहून कमी करतं. त्यामुळे हा आकडा जेवणाचा जेवढा आहे तेवढाच त्या फ्लूचाही आहे. सोबत सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) तपासला असेल तर तो बघा. सीआरपी उतरला आणि जेवण वाढलं की अल्ब्युमिन चढतं, पण हळू. रक्तातलं निम्मं अल्ब्युमिन बदलायलाच जवळपास २० दिवस लागतात, तेव्हा आठ दिवसांनी पुन्हा तपासून निराश होऊ नका. नणंदेला सांगा, बाटलीतून चढवलेलं अल्ब्युमिन हे पोषण नव्हे. डॉक्टर ते देतात तेव्हा कारणं वेगळी असतात. आणि ते महाग आहे. त्या पैशात कितीतरी दिवसांची अंडी आणि पनीर येतं.

आता भरवायचं कसं. तीन वेळचं ताट विसरा, दर दोन तासांनी थोडं थोडं द्या. सकाळी तापानंतरच्या तोंडाला उकडपेंडी बरी लागते. तेल हात राखून घालू नका, मीठ मात्र राखून घाला, वर लिंबाचे चार थेंब आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. बरोबर दोन-तीन अंड्यांच्या पांढऱ्याचं ऑम्लेट. (तुमच्या घरी अंड्याचं वेगळं भांडं गॅलरीत ठेवलेलं असेल तर तिथेच करा, पण करा.) अंड्याच्या पांढऱ्यात फॉस्फरस अगदी कमी आणि प्रोटीन चांगल्या प्रतीचं असतं, त्यामुळे आमच्या धंद्यात त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. दुपारी वरण-भातावर तूप. वरण घट्ट असू द्या, नाहीतर वाटीभर पाणी पोटात जातं आणि डाळ भांड्याच्या तळाशी राहते. पातळ वरणाचं वरचं पाणी "पचायला हलकं" म्हणून म्हाताऱ्यांना वाढायची आपल्याकडे पद्धत आहे. डायलिसिसवाल्यासाठी ती दोन्हीकडून तोट्याची. संध्याकाळी पनीरचे तुकडे तव्यावर परतून जिरेपूड भुरभुरवून द्या. रात्री बेसन-पोळी. मांसाहार चालत असेल तर चिकनचे चार तुकडे घरच्या साध्या रश्श्यात. सावजीची तर्री सध्या नको. तिखटाने तहान लागते आणि पाणी आवरत नाही.

तोंडाला कडू लागतं म्हणत असतील तर पदार्थ गार करून द्या. गार दही-भात, गार पनीर. गरम मटणाच्या वासाने ज्यांना मळमळतं ते गार उकडलेलं अंडं खाऊन जातात.

एवढं करूनही आठवडाभरात निम्म्याच्या वर जात नसतील तर डॉक्टरांना विचारून प्रोटीन पावडर सुरू करा. डबा घेताना एक बघा: किडनीच्या रुग्णांसाठीच्या पावडरी दोन तऱ्हेच्या असतात. डायलिसिसच्या आधीच्या रुग्णांसाठीची मुद्दाम कमी प्रोटीनची, आणि डायलिसिसवरच्यांसाठीची जास्त प्रोटीनची. दोन्ही डब्यांवर किडनीचं चित्र असतं आणि काउंटरवरचा मुलगा हाताला लागेल तो डबा देतो. जाहिरातीतली सर्वसाधारण ताकदीची पावडरही नको, तिच्यात पोटॅशियम-फॉस्फरस वरून घातलेलं असू शकतं.

फॉस्फरसची बायंडर गोळी, म्हणजे जेवणातला फॉस्फरस पोटातच बांधून ठेवणारी, जेवणाबरोबर असते. जेवणच नसेल तर ती कशासाठी, हे डॉक्टरांना विचारा. आजारपणात ते बहुधा डोस बदलतात. पोटॅशियमचं पथ्य मात्र रिपोर्ट बघूनच सैल करायचं. पालेभाजी, बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकळायचे आणि ते पाणी फेकायचं, हे चालूच ठेवा. "लो सोडियम" मीठ घरात असेल तर बाबांच्या ताटापासून लांब ठेवा, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं.

शुगरचं विसरू नका, इथे मी आवाज चढवून बोलते आहे असं समजा. किडनी बंद पडली की इन्सुलिन शरीरातून लवकर निघून जात नाही, जास्त वेळ काम करत राहतं. माणूस अर्धपोटी आणि इन्सुलिन जुन्याच युनिटचं, म्हणजे पहाटे शुगर खाली जाणार. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं तर आधी शुगर तपासा. कमी असेल आणि बाबा नीट गिळत असतील तर तीन चमचे साखर थोड्या पाण्यात विरघळवून पाजा, फळांचा रस नको. गुंगीत असतील तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. आणि असं काही व्हायची वाट न बघता डोस कमी करायचा का, हे आजच डॉक्टरांना फोन करून विचारा.

राहिला काकूंचा काढा. काकूंची माया खरी आहे, पण गुळवेल घेणाऱ्या काही लोकांमध्ये यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं आहे. काढ्यात ज्येष्ठमध असेल तर रक्तदाब वाढतो आणि अंगात पाणी धरतं. शिवाय तो कपभर काढा दिवसाच्या मोजक्या पाण्यातूनच जाणार. काकूंना सांगा, काढ्याऐवजी दुपारी तासभर बाबांजवळ बसा आणि गप्पा मारत चार घास भरवा. एकटं बसून खाणारा माणूस कमी खातो, हे मी रोज बघते.

आई ६८ वर्षांची, डायलिसिसवर आहे. ताप आला, डेंग्यू पॉझिटिव्ह निघाला, प्लेटलेट ८० हजार. सगळे म्हणतात शहाळं पाजा, किवी द्या, पपईच्या पानांचा रस द्या, तीन लिटर पाणी प्यायलाच पाहिजे. डायलिसिसचे डॉक्टर म्हणतात दिवसाला एक लिटरच्या आत. आईला लघवी जवळजवळ होतच नाही. अंगात ताकद नाही म्हणून या आठवड्याचं एक डायलिसिस टाळावं असं बाबांचं म्हणणं आहे. — एक मुलगा, कामठी रोड

भाऊ, पत्र छापून येईतो आई बरी झालेली असेल अशी आशा आहे. तुम्हाला मी फोनवर सांगितलंच, पण इतरांसाठी लिहिते.

धंतोली-रामदासपेठेत दवाखान्यांबाहेर शहाळ्यांच्या गाड्या उभ्या असतात, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण एक शहाळं घेऊन वर चढतो. लघवी होणाऱ्या माणसाला ते ठीक. तुमच्या आईच्या बाबतीत एका शहाळ्यातलं पोटॅशियम ५०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ शकतं, आणि डायलिसिसवरच्या बऱ्याच जणांना दिवसभराची मर्यादाच २,००० ते २,५०० मिलिग्रॅमच्या आसपास घालून दिलेली असते. मावशीचं एक, मामाचं एक आणि वरून किवी, की ते पोटॅशियम हृदयाच्या ठोक्यांवर येतं. आधी काही दुखत-खुपत नाही, त्यामुळे कळत नाही. पपईच्या पानांचा रसही द्यायचा नाही. डेंग्यू ओसरायला लागला की प्लेटलेट आपोआप वर येतात, आणि श्रेय त्या दिवशी जे पाजलं असेल त्याला मिळतं.

पाण्याचं उत्तर तुम्ही-आम्ही घरी बसून द्यायचं नाही. डेंग्यूत ताप उतरतो त्या सुमाराला रक्तवाहिन्यांमधून पाणी बाहेर झिरपतं. म्हणजे अंगावर सूज आणि रक्तवाहिन्या मात्र कोरड्या, असं होऊ शकतं. लघवी नसलेल्या माणसाला तेव्हा किती द्यायचं हे रक्तदाब आणि हिमॅटोक्रिट (रक्त किती घट्ट झालं ते सांगणारा आकडा) बघत तासातासाला ठरवावं लागतं. म्हणून डायलिसिसवरच्या डेंग्यूच्या रुग्णाला घरी ठेवू नये, भरती करावं.

डायलिसिस टाळायचं नाही. तापात शरीर स्वतःला मोडत असतं, त्यातून युरिया आणि पोटॅशियम नेहमीपेक्षा जास्त बाहेर पडतं. फक्त मशीनला जोडण्याआधी टेक्निशियनला प्लेटलेटचा आकडा दाखवा. डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून हिपॅरिन देतात. डेंग्यूत डॉक्टर ते बंद किंवा कमी करून डायलिसिस करू शकतात, पण त्यासाठी त्यांना कळायला हवं. रिपोर्ट एका दवाखान्यात आणि डायलिसिस दुसरीकडे, असं अनेकांचं असतं. तुम्हीच दुवा व्हा. तापाला पॅरासिटामॉल डॉक्टर सांगतील तेवढं. ब्रुफेन, डायक्लोफेनॅक नाही.

आणि ज्यांच्या मानेत किंवा छातीत डायलिसिसची नळी, म्हणजे कॅथेटर आहे त्यांच्यासाठी वेगळं सांगते: प्रत्येक ताप व्हायरल नसतो. मशीन लावल्यावर तासाभरात हुडहुडी भरून ताप आला तर तो कॅथेटरमधल्या जंतूंचा आहे असंच धरून चालायचं आणि ब्लड कल्चर (रक्तातले जंतू शोधणारी तपासणी) काढून घ्यायचं. सध्या व्हायरलची साथ आहे म्हणून दोन दिवस थांबलेली माणसं मी आयसीयूत गेलेली पाहिली आहेत.

वय ६६, निवृत्त, नागपूरच्या महाल भागात जन्म गेला. डायलिसिस सुरू झालं तसं घरच्यांनी संत्रं बंद केलं. आता कोविडनंतर म्हणे व्हिटॅमिन सी पाहिजे, म्हणून मुलगा ५०० मिलिग्रॅमची गोळी रोज चघळायला देतो. संत्रं वाईट आणि संत्र्याची गोळी चांगली, हा काय न्याय आहे? — एक संत्राप्रेमी

न्याय नाहीच. तुमच्या बाजूने निकाल देते.

नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये जीआय मानांकन मिळालं आणि तुम्हाला घरात बंदी! मध्यम आकाराच्या एका संत्र्यात साधारण १५० ते २०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. डायलिसिसच्या आधीच्या रक्तात तुमचं पोटॅशियम पाचच्या खाली राहत असेल तर दिवसाला एक छोटं संत्रं, आणि त्या दिवशी दुसरं फळ नाही, असा सौदा डॉक्टरांशी करता येतो. फोड फोड सोलून खायचं. रस नाही, कारण पेल्यात चार-पाच संत्री कधी पिळली जातात कळत नाही, शिवाय ते पाण्यातही मोजावं लागतं. आंबिया बहाराचा माल बाजारात आला की कॉटन मार्केटमधून पोतं आणायची जुनी सवय मात्र सोडा. पोतं घरात आलं की एकावर थांबणं कोणाला जमलंय?

गोळी बंद करायची की नाही ते डॉक्टरांना विचारा, आणि विचारताना डोस सांगा. व्हिटॅमिन सी जास्त झालं की शरीर त्याचं ऑक्झलेट बनवतं. किडनी चालू असेल तर ते लघवीवाटे जातं. तुमच्या अंगात ते साठतं आणि सांध्यांत, रक्तवाहिन्यांत, हृदयातही बसतं. डायलिसिसमध्ये सी थोडं वाहून जातं हे खरं, म्हणून गरज पडली तर ६० ते १०० मिलिग्रॅमपर्यंत देतात. व्हिटॅमिन ए असलेली मल्टिव्हिटॅमिनही याच कारणासाठी नको, तेही साठतं. झिंकच्या गोळ्या कोविडच्या वेळी सुरू झाल्या आणि अनेक घरांत अजून चालूच आहेत. जास्त झिंकने तांबं कमी पडतं आणि रक्त आणखी उतरतं. डी कमी असेल तर ते तपासून, डॉक्टर देतील तसं.

एक फळ मात्र कायमचं सोडा: कमरख. चांदणीच्या आकाराचं, आंबट, शाळेबाहेर मीठ-तिखट लावून मिळायचं ते. त्यातलं विष किडनी चांगली असणाऱ्याच्या लघवीतून निघून जातं. डायलिसिसवरच्या माणसाला न थांबणारी उचकी लागते, मग भ्रम, मग झटके, आणि माणसं दगावलेली आहेत. नातवाच्या ताटातली एक फोडही नको.

यजमानांना (वय ६९) कोविड होऊन दीड महिना झाला. आनंदाची गोष्ट म्हणजे रिपोर्ट एकदम सुधारले. पोटॅशियम ५.६ चं ३.४ झालं, फॉस्फरस ६ चा २.५, क्रिएटिनिन ९ वरून ६ वर आलं. वजन तेच आहे, ५८. पण रात्री आडवं झालं की दम लागतो, दोन उशा घेऊन झोपतात. किडनी परत सुरू झाली असेल का? डायलिसिस कमी करता येईल का? — नंदनवन

ताई, हा अंक हातात पडेपर्यंत थांबू नका म्हणून तुम्हाला आधीच निरोप पाठवला होता.

रिपोर्ट सुधारले नाहीत, ते उपाशी माणसाचे रिपोर्ट आहेत. पोटॅशियम आणि फॉस्फरस जेवणातून येतं. जेवण थांबलं की दोन्ही खाली. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. डायलिसिस तेवढंच आणि लघवीही तेवढीच असताना ते ९ चं ६ झालं, याचा अर्थ स्नायू झडले. डायलिसिसवरच्या म्हाताऱ्या माणसाचं क्रिएटिनिन असं घसरलं की आम्ही काळजीत पडतो.

मग वजन तेच कसं? कारण गेलेल्या मांसाची जागा पाण्याने घेतली. ड्राय वेट, म्हणजे जास्तीचं पाणी काढून झाल्यावर उरायला हवं ते वजन, ५८ असं आजारपणाच्या आधी ठरलं होतं आणि मशीनवर आजही तेच घालतात. खरं ड्राय वेट कदाचित ५४-५५ वर आलं असेल. म्हणजे प्रत्येक डायलिसिसनंतर यजमान तीन-चार लिटर जास्तीचं पाणी अंगात घेऊनच घरी येतात. आडवं झालं की दम लागतो तो याचा. अशा वेळी वजनकाट्यापेक्षा पायजम्याची नाडी खरं सांगते: वजन तेच आणि नाडी चार बोटं आत गेली, तर समजायचं. हे डॉक्टरांना नेमक्या शब्दांत सांगा, "आजारपणानंतर ड्राय वेट पुन्हा बघितलेलं नाही." आडवं झाल्यावर लागणारा दम हा त्याच दिवशी दाखवायचा आजार आहे, पुढच्या शिफ्टची वाट बघायची नाही.

खाणं वाढवताना उलटं होईल. दोन महिन्यांनी अंगावर मांस चढेल तेव्हा ड्राय वेट वर न्यावं लागेल, नाहीतर मशीनवर बीपी पडेल, पेटके येतील. खूप दिवस अगदीच नगण्य खाल्लं असेल तर एकदम ताट भरून सुरुवात करू नका. फॉस्फरस आधीच २.५ आहे, अचानक भरपूर पिष्ट पदार्थ पोटात गेले की तो आणखी घसरतो. चार-पाच दिवसांत चढवत न्या आणि मधे एकदा रक्त तपासा. दूध-पनीरवरची बंदी सध्या उठवायला तुमचे डॉक्टर हरकत घेणार नाहीत असं मला वाटतं, विचारून घ्या. डायलिसिस कमी करायचा विषय काढूच नका.

सासूबाईंना डायलिसिस चालू असताना नागीण झाली. नागिणीच्या गोळ्या सुरू केल्या आणि तिसऱ्या दिवशी त्या भलतंच बोलायला लागल्या. नंतर बऱ्या झाल्या. डायलिसिसवर असताना लस घेता येते का? आणि मशीनवर बसल्या बसल्या काही खायला द्यावं का? चार तास उपाशी असतात. — त्रिमूर्तीनगर

नागिणीच्या विषाणूवरची औषधं, असायक्लोव्हिर आणि त्याच कुळातलं व्हॅलासायक्लोव्हिर, किडनीवाटे बाहेर पडतात. डायलिसिसवरच्या माणसाला डोस खूपच कमी लागतो. पूर्ण डोस दिला तर औषध साठून भ्रम होतो, भास होतात. तसं झालं असावं. पुढच्या वेळी कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी तोंडातून पहिलं वाक्य "डायलिसिसवर आहेत" हे निघू द्या, आणि औषधं मशीनवाल्या डॉक्टरांना दाखवूनच सुरू करा. नागिणीनंतरच्या दुखण्याला देतात त्या गॅबापेंटिनचंही तसंच.

लसी घेता येतात, घ्याव्यातच. हेपॅटायटिस बीची लस डायलिसिसच्या रुग्णांना दुप्पट मात्रेत, बहुधा ०, १, २ आणि ६ महिन्यांना देतात, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी १० च्या वर आल्या का हे तपासतात. नंतर वर्षाला एकदा तपासायचं, आकडा घसरला तर बूस्टर. फ्लूची दरवर्षी, न्यूमोकोकलची डॉक्टर सांगतील त्या क्रमाने. नागिणीची जिवंत विषाणू नसलेली लस आपल्याकडे २०२३ पासून मिळते. महाग आहे, पण एकदा नागीण होऊन गेलेल्यांनाही घेता येते. सुई फिस्टुलाच्या हाताला, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेल्या हाताला, टोचू द्यायची नाही.

मशीनवर खाण्याचं: ज्यांचं बीपी डायलिसिसमध्ये पडत नाही, ठसका लागत नाही, त्यांनी थोडं खायला हरकत नाही, आणि तीन दिवसांचे तीन डबे म्हणजे आठवड्याला बरंच प्रोटीन पोटात जातं. पहिल्या तासात द्या, खुर्चीची पाठ सरळ करून. डबा छोटा: दोन अंड्यांचं पांढरं, किंवा पनीरचे तुकडे आणि अर्धी पोळी. मशीन पोटॅशियम काढतंच आहे म्हणून त्या चार तासांत केळी खाणारे आमच्याकडे आहेत. तो हिशोब दिसतो तितका सोपा नाही, डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नका. बीपी पडत असेल तर मशीनवर काही नको, उतरल्यावर अर्ध्या तासाने द्या, बाहेरचा समोसा-कचोरी सोडून. सासूबाईंचा फिस्टुला उजव्या हाताला असेल तर त्यांना स्वतः खाता येणार नाही, तुमच्यापैकी कोणीतरी भरवायला थांबा. आणि डबा नेण्याआधी तिथल्या सिस्टरना विचारा. आमच्या युनिटमध्ये चालतं, सगळीकडे चालत नाही.